पहाटे लांब सेल्फ घेणारी डिझेल गाडी : ९ डिसेंबर ते १४ जानेवारी

गाडी २००७ ची, डिझेल हॅचबॅक, पासिंग एमएच २४. चौदाशे सीसीचं जुन्या पद्धतीचं इंजिन आहे. कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी नवी डिझेल पद्धत) नाही, स्कॅनर लावून काही कळेल असंही नाही. रोटरी पंप, डिझेल फवारणारे चार नोझल, थंडीत आतून तापवणारे चार हीटर प्लग. डिझेल आधी हेडमधल्या लहान कोठडीत पेटतं आणि मग सिलेंडरमध्ये येतं, म्हणून थंडीत या इंजिनाला हीटरशिवाय भागत नाही. रनिंग १ लाख ६८ हजार किलोमीटर.

तक्रार अशी : थंडी पडली की पहाटे सात-आठदा सेल्फ मारावा लागतो. एकदा चालू झाली की दिवसभर हाफ सेल्फ. दुपारी गॅरेजला नेली की तिथे हाफ सेल्फमध्येच चालू होते आणि मिस्त्री म्हणतो, गाडी तर चांगली आहे.

आमचं गाव औशाच्या पुढे निलंगा रस्त्याला, लामजना पाटीच्या अलीकडे. अण्णांचं डायलिसिस लातूरला, सोमवार आणि गुरुवार, सकाळची सातची पाळी. म्हणजे साडेपाचला गाडी दारातून निघालीच पाहिजे. माझा धंदा शेतीपंपाच्या मोटारींचं वाइंडिंग भरण्याचा. मीटर हातात असतो, पण डिझेल इंजिनाचं काम याआधी केलेलं नव्हतं. असंच इंजिन असलेल्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून वहीतल्या नोंदी जशाच्या तशा उतरवतोय, चुकांसकट.

९ डिसेंबर २०२४, सोमवार. ओट्यावर ११ अंश

५.१० ला पहिला सेल्फ. सात वेळा मारला. सातव्याला सेल्फची चाल पडली, बॅटरी बसली. शेजारच्या दोघांना उठवलं, उतारावर धक्का मारून चालू केली. धक्क्याने चालू झाल्यावर एक मिनिट इंजिन तीन सिलेंडरवर चालल्यासारखं खडखडलं, पांढऱ्या धुराने गल्ली भरली. दवाखान्यात पोचायला ५० मिनिटं उशीर. पाळी चुकली नाही, पण अण्णांना मशीनवर घ्यायला नऊ वाजले आणि घरी यायला तीन. ते काही बोलले नाहीत. मलाच बसवेना.

धक्का मारण्याबद्दल : इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. थंड इंजिनाला दुसऱ्या गिअरमध्ये झटक्याने क्लच सोडला तर बेल्टचा दात सुटू शकतो, आणि तसं झालं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. आज दुसरा इलाज नव्हता म्हणून मारला. पुन्हा मारायचा नाही.

संध्याकाळी लातूरच्या एका गॅरेजला दाखवली. न उघडता सांगितलं, इंजिन बसलंय (झिजून दाब गेलाय), हाफ इंजिन करा (उघडून झिजलेले भाग बदला), २८ हजार. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले पंप-नोझल काढा, ९ हजार. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजून दाखवा म्हटलं तर दोघांकडेही गेज नव्हता. परत आलो.

१० डिसेंबर, मंगळवार. १० अंश

रात्री बॅटरी चार्जिंगला लावली होती. आज नुसतं बघायचं ठरवलं. थोरली मुलगी नववीत आहे, तिला टॉर्च देऊन सायलेन्सरमागे उभं केलं आणि म्हटलं, जे दिसेल ते मोठ्याने सांग. मी आत सेल्फ मारत होतो.

तिने सांगितलेलं तसंच लिहिलं : "पहिले दोन सेल्फ धूर नाही. तिसऱ्याला पण नाही. चौथ्यापासून पांढरा, डोळ्यांना झोंबतोय. सहाव्याला चालू."

पांढरा झोंबणारा धूर म्हणजे डिझेल आत जातंय, पण पेटत नाही. हीटर नाहीतर कॉम्प्रेशन. मी हीटरच्या मागे लागलो. तिच्या वाक्याचा पहिला भाग वहीत होता, पण मी तो वाचला नाही. ती चूक मला पुढे दोन आठवडे भोवली.

आजच एक गोष्ट लक्षात आली, तीही लिहून ठेवतो. रात्रभर थंड झालेलं इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. एकदा चालू झालं की पुढचे आठ-दहा तास काहीही तपासा, उत्तर खोटं येणार. म्हणून एका पहाटे एकच बदल. दोन बदलले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

११ डिसेंबर, बुधवार. ९ अंश

चूक क्रमांक एक. हीटरच्या मुख्य वायरला सवयीने क्लॅम्प मीटर लावला. चावी फिरवली, मीटरवर शून्य. म्हटलं हीटरचा रिले गेला. बाजारात जाऊन ८५० चा रिले आणला, लावला, पुन्हा शून्य. मग ध्यानात आलं, माझा क्लॅम्प मीटर एसीचा आहे. गाडीचा करंट डीसी, तो त्यावर दिसतच नाही. दिवसभर थ्री फेजवर काम करणाऱ्या माणसाने हे आधी बघायला हवं होतं. इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाहीत, ८५० गेले.

मग नीट मोजलं. चावी लावून हीटरच्या पट्टीवर व्होल्ट बघितले : ११.४. म्हणजे जुना रिले ठीकच होता, प्लगपर्यंत पुरवठा येत होता. चारी प्लगना जोडणारी पट्टी काढली. टेस्टिंग बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला लावली आणि दुसरं टोक एकेका प्लगच्या डोक्याला टेकवलं. १ आणि ३ वर बल्ब लागला, २ आणि ४ वर नाही. मल्टिमीटरनेही खात्री केली. मीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या की ०.३ ओहम येतात, ते वजा केले. १ आणि ३ एक ओहमच्या आत, २ आणि ४ पूर्ण ओपन, म्हणजे गेलेले.

डॅशबोर्डवरची वेटोळ्याची बत्ती या सगळ्या काळात व्यवस्थित लागत होती आणि विझत होती. ती बत्ती टायमरची आहे. प्लग तापले की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. मी महिनाभर तिच्यावर विश्वास ठेवून बसलो होतो.

प्लगच्या बुडाशी गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, २२० चा डबा.

१२ डिसेंबर, गुरुवार. १० अंश

अण्णांचा दिवस, काही उघडायचं नाही. तीनदा चावी लावून हीटर तापवले, पाचव्या सेल्फला चालू. वेळेवर पोचलो. लातुरात प्लग घेतले, चार, ४२० प्रमाणे १६८०. दोनच गेलेत तर दोनच घ्या असं दुकानदार म्हणाला. चारी एकाच वयाचे आहेत, उरलेले दोन पुढच्या थंडीत जाणार, म्हणून चारी घेतले. घरी आल्यावर प्लगना पुन्हा तेल मारलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

पूर्ण दिवस गेला. इंजिन अर्धा तास चालवून गरम केलं आणि मगच प्लगला पाना लावला. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडाचा. थंडपणी जोर केला तर प्लग अर्ध्यात तुटतो आणि मग हेड काढल्याशिवाय सुटका नाही.

१ आणि ३ सहज आले. ४ पंपाच्या मागे आहे, तिथे सरळ गोटी बसत नाही, वाकणारा जॉइंट लागला. २ हललाच नाही. पान्याला पाईप घालायचा मोह झाला होता, पाईप हातात घेतलाही होता. ठेवून दिला. परत तेल मारलं, परत इंजिन गरम केलं, मग एक अष्टमांश फेरा सोडायचा आणि पुन्हा आवळायचा, असं करत पाऊण तासाने निघाला. निघताना प्रत्येक फेऱ्याला कुरकुर आवाज करत होता. त्याचं टोक फुगून फाटलेलं, पिंपळाच्या कळीसारखं. पूर्ण उघडलं असतं तर आतला तुकडा कोठडीत पडला असता.

चूक क्रमांक दोन इथे होता होता राहिली. नवे प्लग जुन्यांशेजारी ठेवले तर नव्यांचं टोक तीन-चार मिलीमीटर लांब. आटे तेच, डोकं तेच. तसेच बसवले असते तर टोक कोठडीत जास्त पुढे येऊन जळलं तरी असतं नाहीतर आत टेकलं असतं. परत लातूर, बदलून आणले. यात अडीच तास गेले. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, जुना आणि नवा शेजारी ठेवून बघा.

प्लग निघालेलेच होते म्हणून ट्रॅक्टरचं काम करणाऱ्या गावातल्या मिस्त्रीमामांना बोलावलं. त्यांच्याकडे डिझेलचा कॉम्प्रेशन गेज आहे आणि या आट्याचं अडॅप्टरही निघालं. पंपावरच्या सोलेनॉइडची (डिझेल सोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढली, म्हणजे डिझेल येत नाही. मग एकेक सिलेंडर फिरवला. २७, २६, २७, २५ बार. मामा म्हणाले, "सर, हे इंजिन बसलेलं नाही. बसलेलं इंजिन मी रोज उघडतो." २८ हजारांचा विषय तिथे संपला. मामांनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

नवा प्लग बसवण्याआधी एक पक्कडीत धरून बॅटरीवर तापवून बघितला. सहा-सात सेकंदांत टोक आधी लाल झालं आणि लाली वर सरकली. असंच व्हायला हवं. आधी मधूनच लाल होणारा प्लग घेऊ नका. हे करताना प्लग हाताने धरू नये आणि बॅटरीपासून लांब करावं, चार्जिंगच्या बॅटरीतून निघणारा वायू पेटतो.

१४ डिसेंबर, शनिवार. ८ अंश

आजवरची सगळ्यात जास्त थंडी. दुसऱ्या सेल्फला चालू. वहीत मोठ्या अक्षरात "काम झालं" असं लिहिलं. ते खोडलेलं नाही, आहे तसं ठेवलंय.

१६ डिसेंबर, सोमवार. ९ अंश

चौथ्या सेल्फला.

१९ डिसेंबर, गुरुवार. ११ अंश

पाचव्या सेल्फला. थंडी कमी, त्रास जास्त. असं का?

दिवसभर दुकानात मोटार भरताना हेच डोक्यात होतं. रात्री वहीतल्या तारखांपुढे आणखी एक आकडा लिहिला : गाडी किती तास उभी होती. १४ ला पहाटे चालू केली तेव्हा आदल्या रात्री साडेदहाला बाहेरून आलो होतो, फक्त सात तास. १६ ला शनिवार दुपारपासून उभी, चाळीस तास. १९ ला मंगळवार सकाळपासून, जवळजवळ दोन दिवस. थंडीपेक्षा उभं राहण्याचा संबंध जास्त दिसतोय.

२० डिसेंबर, शुक्रवार. १० अंश

उभं राहण्याने बॅटरी उतरते, म्हणून आधी बॅटरी. नुसती १२.५ व्होल्ट, चांगली. सेल्फ मारताना सेल्फच्या मोटारीवर ९.१, वाईट. हायड्रोमीटरने सहाही घरं १.२५० च्या आसपास, म्हणजे बॅटरीत दोष नाही. मग व्होल्ट जातात कुठे?

मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर, आणि सेल्फ. मीटरवर १.३ व्होल्ट. इथे ०.२ पेक्षा जास्त यायला नको. अर्थिंगची पट्टी इंजिनाला जिथे बोल्टने बसते तिथे खाली हिरवा गंज आणि ऑइलचा थर, आणि पट्टीच्या अर्ध्या तारा तुटलेल्या. शेतकऱ्याच्या स्टार्टरमध्ये हा लोड आल्यावरचा ड्रॉप मी रोज शोधतो. इथे अकरा दिवस लागले.

जाड केबल थिंबल मारून बनवली, २४० रुपये. ब्लॉक पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला. आता ड्रॉप ०.१५ आणि सेल्फ मारताना मोटारीवर १०.३. सेल्फची चाल कानाला लगेच वेगळी लागते. सेल्फ हळू फिरला तर हवा दाबताना तापत नाही, भिंतीत उष्णता जाते, आणि हीटर चांगले असूनही डिझेल पेटत नाही. आधीच्या गॅरेजने ऑइल कुठलं भरलंय तेही बघितलं. १५डब्ल्यू४० आहे, ते बरोबर.

२१ डिसेंबर, शनिवार

कालपासून गावात सगळ्यांना कळलंय की माझी गाडी पहाटे चालू होत नाही. सल्ले तीन प्रकारचे आले. तिन्ही मी का नाकारले ते लिहितो, कारण तुम्हालाही हेच सल्ले मिळतील.

रॉकेल टाका. नाही. रोटरी पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, रॉकेलने पंप सुकतो. आणि आपल्याकडच्या थंडीत डिझेल गोठत नाही. भारतीय मानकात हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहायला हवं असं दिलेलं आहे, आमच्याकडे ८ च्या खाली आलेलं नाही.

एअर क्लिनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरा. ट्रॅक्टरला हे करताना लहानपणापासून पाहिलंय. प्लास्टिकचा पाईप आणि कागदी एअर फिल्टर असलेल्या गाडीला हे करू नका, फिल्टर पेटला की धूर आणि निखारे थेट आत जातात.

ईथरचा फवारा मारा. हीटर प्लग असलेल्या इंजिनात मुळीच नाही. लाल प्लगला ईथर लागलं की पिस्टन वर यायच्या आत स्फोट होतो, रिंगा आणि पिस्टनचे कंगोरे तुटतात. बरं असलेलं इंजिन त्याने खरोखर बसेल.

२३ डिसेंबर, सोमवार. १० अंश

काल रात्री सुरुवातीपासून वही वाचली. १० तारखेची नोंद : "पहिले दोन सेल्फ धूर नाही. तिसऱ्याला पण नाही." धूर नाही म्हणजे डिझेलच येत नाही. पांढरा धूर चौथ्या सेल्फपासून होता, म्हणजे चौथ्या सेल्फपासून पुढे हीटरचा प्रश्न होता. पहिल्या तीनचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मी कधी शोधलाच नाही. पोरीने दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगितल्या होत्या.

आज सेल्फच्या आधी फिल्टरवरचा प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) दाबला. सुरुवातीला पोकळ लागत होता, अंगठ्याखाली नुसती हवा. अकराव्या दाबाला जड व्हायला लागला, चौदाव्याला दगड. मग हीटर, मग सेल्फ. अर्ध्यात चालू. अण्णा मागच्या सीटवरून म्हणाले, "आज लवकर झालं की रे."

२४ डिसेंबर, मंगळवार. १० अंश

उलट तपासणी. कालचंच सगळं, फक्त प्रायमर नाही. चार सेल्फ, पहिल्या तिघांना धूर नाही. म्हणजे योगायोग नव्हता. रात्री पंपातलं डिझेल उतरतंय आणि त्याच्या जागी हवा येतेय.

सोलेनॉइडही बघून घेतला. चावी लावल्यावर पंपावर टक असा आवाज येतो, काढल्यावर परत टक. तो ठीक.

२५ डिसेंबर, बुधवार

फिल्टर आणि पंपाच्या मधला रबरी पाईप काढून तिथे पारदर्शक नळी लावली, ४० रुपये. हे सगळ्यात आधी करायला हवं होतं. सेल्फ मारला की नळीत बोटाच्या पेराएवढा बुडबुडा सरकत येतो, मग साबणाच्या फेसासारखे बारीक, मग स्वच्छ पिवळं डिझेल. चालू इंजिनात एकही बुडबुडा नाही. बंद केल्यावर अर्ध्या तासाने नळीच्या वरच्या वाकणात मोहरीएवढा बुडबुडा जमला. संध्याकाळपर्यंत तो चिंचोक्याएवढा झाला. रात्री झोपायच्या आधी बघितलं तर नळी अर्धी रिकामी.

चूक क्रमांक तीन. हवा फिल्टरच्या रबरातून येत असणार असं धरून ३८० चा फिल्टर बदलला. खालच्या नळातून थोडं पाणी निघालं, ते गेलं ते बरंच झालं, पण बुडबुडा तसाच.

२६ डिसेंबर, गुरुवार

प्रायमर मारून गेलो, वेळेवर. दुपारपासून ढग.

२८ डिसेंबर, शनिवार. १७ अंश

दोन दिवस आभाळ भरलेलं, रात्री उबदार. आज प्रायमर न मारता दुसऱ्या सेल्फला चालू. धाकटा भाऊ म्हणाला झालं दुरुस्त, आता हात नको लावूस. मी बॉनेट उघडून त्याला नळी दाखवली. बुडबुडा तिथेच होता. उबेत इंजिन थोड्या डिझेलवरही पेट घेतं, एवढंच. ही नोंद धरायची नाही. यापुढे बारा तास उभी आणि १२ अंशांच्या आतली पहाट असेल तीच मोजायची.

संध्याकाळी बाटलीची तपासणी लावली. टाकीकडून येणारा पाईप बंद केला. अर्ध्या लिटरची बाटली डिझेल भरून बॉनेटच्या दांडीला टांगली, तिच्यातून नळी थेट पंपाला. बाटली पंपापेक्षा आणि नोझलपेक्षाही उंच. तर्क असा : टाकी, लोखंडी पाईप, फिल्टर, प्रायमर यांच्यात दोष असेल तर ते सगळं आता बाजूला पडलंय, सकाळी बाटली होती तेवढीच राहील. पंप किंवा रिटर्नमध्ये (उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या पाईपांत) दोष असेल तर बाटली कमी होईल. बाटलीवर पातळीची खूण केली.

२९ डिसेंबर, रविवार. १३ अंश

बाटली तीन बोटं खाली.

डिझेल कुठेतरी बाहेर आलंय. खाली जमिनीवर टाकलेला पुठ्ठा कोरडा. टॉर्च घेऊन इंजिनावर वाकून एकेक जोड बघत गेलो. चौथ्या नोझलच्या मागे, इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडच्या बाजूला, हेडच्या खोबणीत डिझेल साचलेलं. वर बघितलं तर रिटर्न पाईपच्या शेवटी जी आंधळी टोपी असते, ती. नोझलवरून नोझलवर जाणारे रिटर्नचे बारीक पाईप चौथ्यावर संपतात, आणि तिथे उरलेलं तोंड या करंगळीच्या नखाएवढ्या रबरी टोपीने बंद केलेलं असतं. टोपी बोटांनी दाबली तर चीर उघडली, सोडली तर मिटली. उष्णतेने बिस्किटासारखी झालेली.

इतके दिवस तिथे ओल का दिसली नाही तेही आता कळलं. गाडी उभी असताना त्या चिरेतून डिझेल बाहेर येत नव्हतं, हवा आत जात होती. टाकी खाली, पंप वर. वरच्या टोकाला हवा मिळाली की पंपातलं डिझेल आपल्या वजनाने टाकीकडे उतरतं. बाटली उंच टांगली तेव्हा पहिल्यांदा दाब उलटा झाला आणि डिझेल बाहेर आलं. म्हणून हवेची गळती ओल शोधून सापडत नाही, तिला बाटलीने उलटं फिरवावं लागतं.

रविवार असूनही औशात एक दुकान उघडं मिळालं. टोपी २० रुपये. तिच्यासोबत सगळे बारीक रिटर्न पाईप बदलले, कापडी वेटणीचा पाईप १२० चा, क्लिपा ६० च्या. जुने पाईप वाकवले तर कडकड वाजत होते. पाईप नोझलच्या तोंडावर ओढून बसवताना तोंड डिझेलने ओलं करा. कोरडा दाबला तर आतून सोलतो आणि सोललेला तुकडा रिटर्नमध्ये अडकतो.

टाकीचा पाईप परत जोडला, प्रायमरने एअर काढली, दहा मिनिटं चालवून बंद केली. रात्री दहाला नळी बघितली, काठोकाठ भरलेली.

३० डिसेंबर, सोमवार, येळवस (वेळ अमावस्या). ११ अंश

४.५० ला उठलो. आधी बॉनेट उघडलं. नळीत बुडबुडा नाही. प्रायमरला हात लावला नाही. हीटरची बत्ती विझली, दोन सेकंद आणखी थांबलो, सेल्फ. पहिल्या अर्ध्या फेऱ्यात चालू. थोरली सायलेन्सरमागे होतीच. म्हणाली, थोडा पांढरा, लगेच गेला.

सातच्या आत दवाखान्यात. बाराला परत निघालो आणि गाडी घराऐवजी सरळ शेतात नेली. घरचे सगळे सकाळीच पुढे गेले होते. कडब्याच्या कोपीपुढे पूजा झालेली, भज्जी आणि उंडे वाढायचे थांबले होते. डायलिसिसचं पथ्य आहे, पाणी मोजून. अण्णांनी आंबील दोन चमचे घेतलं आणि कोपीच्या सावलीला पाठ टेकून बसले. गेल्या वर्षी येळवशीला ते दवाखान्यातच होते.

२ ते १३ जानेवारी २०२५

चार पहाटा मोजल्या, २, ६, ९ आणि १३ जानेवारी. चारही वेळा गाडी छत्तीस तासांपेक्षा जास्त उभी, चारही वेळा ९ ते १२ अंश, चारही वेळा पहिला सेल्फ. ६ तारखेला नळीत मोहरीएवढा एक बुडबुडा दिसला. फिल्टरच्या डोक्यावरचा बंजो बोल्ट (पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) पाव फेरा आवळला, तांब्याची वॉशर पुन्हा जुनीच वापरली होती. वॉशर नवी टाकली, बुडबुडा गेला.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

पारदर्शक नळी काढली. डिझेल आणि उष्णतेने ती कडक होते, उन्हाळ्यात जोडावरून निसटली तर भर रस्त्यात गाडी बंद पडेल. डिझेलसाठीचा रबरी पाईप परत लावला. नळी डब्यात ठेवलीय, कुणाला लागली तर घेऊन जा.

खर्च : हीटर प्लग १६८०, अर्थिंग केबल २४०, रिटर्न पाईप १२०, क्लिपा ६०, टोपी २०, पारदर्शक नळी ४०, गंज सोडवायचं तेल २२०. एकूण २३८०. वाया गेले ते रिलेचे ८५० आणि फिल्टरचे ३८०, म्हणजे १२३०. सगळे मिळून ३६१०. लातूरच्या जादा फेऱ्यांचं डिझेल यात धरलेलं नाही. तांब्याची वॉशर मामांनी त्यांच्या डब्यातली दिली.

वेळ : हाताचं काम मिळून दीड दिवस. दिवस लागले एकवीस.

असंच इंजिन असेल तर बॉनेट उघडून चौथ्या नोझलच्या मागची ती टोपी आधी बोटांनी दाबून बघा. वरून दिसत नाही. भिंतीकडून हात घालावा लागतो, इंजिन थंड असताना.